आवडता देह आणि वजनाचा काटा

2025 सालच्या ईस्टरनंतरच्या रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी देवळाच्या पायऱ्यांवर उभा होतो. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध आजीबाई काठी टेकीत जवळ आल्या. त्यांनी माझे मनगट धरून पाहिले, बाजारात भेंडी मोडून पाहावी तसे, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "फादर, किती वाळलात हो! बिशपसाहेब जेवायला घालत नाहीत काय?"

भोवतालची मंडळी हसली, मीही हसलो. आजीबाईंस कसे सांगावे, की आठ महिने पायपीट करून आणि अर्धपोटी उठून हे वाळणे मी मिळविले आहे! तेव्हा माझे वजन 94 किलोवरून 83 वर आले होते. डॉक्टर संतुष्ट होते. माझ्या खोलीच्या भिंतीवर रक्ततपासणीचा नवा कागद मी दाखल्यासारखा लावून ठेवला होता. तरीही त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मला आजीबाईंच्याच बाजूने रडावेसे वाटले. हे असे का व्हावे, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे.

प्रथम एक कबुली देतो. मला माझे स्थूल शरीर आवडत असे. लठ्ठ माणूस आपल्या देहाला मनातून कंटाळलेला असतो, असे पुष्कळांस वाटते. त्यामुळे त्याला वजन कमी करण्याचा उपदेश करणे म्हणजे बंदिवानाला दार उघडून देणेच, अशी समजूत असते. माझ्या बाबतीत तसे नव्हते. सेमिनरीत असताना मिरवणुकीत पवित्र मातेची मूर्ती वाहून न्यायची झाली, की पुढचा दांडा माझ्या खांद्यावर येई. कॅटेकिझमच्या वर्गातील लहान मुले माझ्या दोन्ही बाजूंना रेलून बसत आणि मी हललो म्हणजे रागावत. अंत्यविधीच्या वेळी दुःखाने कोसळणारा माणूस माझ्या अंगावर कोसळला तर मी डगमगत नसे. माझे अंग हे माझ्या कामाचे एक साधनच होते, आणि मी त्याच्यावर प्रसन्न होतो.

शिवाय ते माझ्या वडिलांचे अंग होते. बेळगावच्या कॅम्प भागात आमची पावाची भट्टी होती. वडील पहाटे दोन वाजता पीठ मळावयास घेत. रुंद छाती, पुढे आलेले पोट, कोपरापर्यंत पिठाने पांढरे झालेले जाड हात, हे त्यांचे रूप माझ्या बालपणातील सर्वांत सुरक्षित दृश्य होय. मी तिशी ओलांडली तेव्हा आरशात हेच रूप हळूहळू प्रकट होऊ लागले. नातेवाईक म्हणत, "अगदी बापावर गेला आहे." त्याचा मला अभिमान वाटे.

परंतु वडिलांकडून मला एवढेच मिळाले नव्हते. त्यांना मधुमेह होता, आणि तो फार उशिरा कळला. उजव्या पायाच्या अंगठ्याला भट्टीच्या पत्र्याने कापले. ती जखम भरून येईना. 2005 साली गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्यानंतर मूत्रपिंडांनी असहकार पुकारला, आणि 2008 साली अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. शेवटच्या वर्षात ते इतके कृश झाले होते, की शवपेटीजवळ उभ्या असलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मला हळूच विचारले, हे तेच ना?

ऑगस्ट 2024 मध्ये एका साध्या तापासाठी केलेल्या तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3 निघाली. 5.7 पासून धोक्याची रेषा सुरू होते आणि 6.5 पासून मधुमेह म्हणतात, हे आता सर्वांस ठाऊक आहे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या कंबरेभोवती टेप फिरविली, 108 सेंटीमीटर. भारतीय पुरुषास 90 च्या आत असावी, असे ते म्हणाले. मग त्यांनी कागदावर माझ्या वजनाला उंचीच्या वर्गाने भागून 32.5 हा आकडा काढला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

या भागाकाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. तो मूळचा वैद्यांचा नव्हे. बेल्जियमचे ज्योतिर्विद व गणिती अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना तो मांडला. आज तो ज्या नावाने प्रचलित आहे, ते 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकेतील अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली दिले. समुदायाचे मोजमाप करण्यास तो ठीक आहे. एका माणसाविषयी मात्र तो अर्धेच सांगतो. याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातले आहे. तेथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आपले दोघांचे छायाचित्र छापून आणले. दोघांचा हा आकडा अगदी एकच, 22.3. परंतु यडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आतून स्थूल असू शकतो. याच कारणाने 2009 साली येथील तज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठी मर्यादा खाली आणली. 23 च्या वर वजन जादा, आणि 25 पासून लठ्ठपणा. जे सडपातळ वाचक हा लेख वाचताना मनात निश्चिंत झाले असतील, त्यांनीही एकदा कंबर मोजून घ्यावी, हे जाता जाता सांगतो.

माझा 32.5 मात्र कोणत्याही देशाच्या हिशेबाने जादाच होता. डॉक्टरांनी मला भीती घातली नाही. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाची हकिकत त्यांनी सांगितली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर तो झाला होता. ज्यांना आठवड्यास दीडशे मिनिटे चालण्यास आणि वजन सात टक्के उतरविण्यास शिकविले, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 2006 साली आपल्या देशातील असाच प्रयोग प्रसिद्ध केला. तेथे घट 28.5 टक्के होती. त्यात विशेष हे, की वजन म्हणावे तसे उतरले नसतानाही चालण्या-जेवण्यातील बदलाने लाभ झाला. मला हे ऐकून फार बरे वाटले. माझे सात टक्के म्हणजे साडेसहा किलो. तेवढे गेले तरी मी मीच राहीन, असा हिशेब करून मी घरी आलो.

चालणे कठीण गेले नाही. कठीण गेले ते लोकांच्या घरी जाणे. धर्मगुरूचे अर्धे काम लोकांच्या स्वयंपाकघराच्या दारात होत असते. बेळगावकडच्या घरात पाऊल टाकले की पुढ्यात कुंद्याची बशी येते. नाताळात नेवऱ्या, दोदोल आणि केक. आणि बारशाला वा लग्नाच्या बोलणीला गेलो तर पानात सोरपोतेल वाढून यजमानीण समोर उभी राहते. इतकी वर्षे मी हे सारे आनंदाने खात आलो. "फादर म्हणजे घरचे माणूस, पोटभर जेवतात," अशी माझी ख्याती होती. सप्टेंबर 2024 पासून मी बशी हळूच बाजूला सारू लागलो. "साखर वाढली आहे" असे सांगितले की लोक सहानुभूती दाखवीत, पण त्यांचे हात थांबत. एका घरी नुकताच मुलगा गेला होता. त्या माउलीने आठवड्यानंतर प्रथमच चूल पेटवून शेवयांची खीर केली होती. मी दोन चमचे घेतले आणि वाटी ठेवली. ती काही बोलली नाही. तिने ती वाटी उचलून आत नेली. माझ्या एवढ्या वर्षांच्या धर्मसेवेत मी अनेक चुका केल्या असतील, पण ती वाटी मला विसरता येत नाही. डॉक्टरांच्या कागदावर दोन चमच्यांचा नियम बरोबर होता. त्या स्वयंपाकघरात तो चुकीचा होता. पुढे मी स्वतःपुरता ठरावच केला, की सुतकाच्या घरी मिळेल ते सगळे खावयाचे आणि दुसऱ्या दिवशी दोन मैल अधिक चालावयाचे.

आपल्या लोकांचा हा आग्रह नुसता खुळेपणा नाही. माझी आई तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील. 1972 च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. सडकेच्या कामावर खडी फोडून मिळालेली सुकडी ओंजळीत घेऊन ती घरी येई, आणि धाकट्या भावंडांच्या बरगड्या मोजता येत असत. बेळगाव मुलखात 1876 ते 78 च्या दुष्काळाच्या गोष्टी कित्येक घरांत पणजीकडून नातवंडापर्यंत आल्या आहेत. अशा लोकांना भरलेले अंग पाहून देवाचे आभार मानावेसे वाटले तर नवल काय? आपली भाषाही त्याच बाजूची आहे. मूल वाढले की 'बाळसे धरले' म्हणून आपण दृष्ट काढतो. माणूस 'खात्या-पित्या घरचा' दिसतो ही स्तुती होय. उलट माणूस बारीक झाला, की तो वाळतो, सुकतो, रोडावतो, खंगतो. अगदीच झाला तर 'पाप्याचे पितर' होतो! सडपातळ असणे चांगले मानतात खरे, परंतु लठ्ठाचा सडपातळ झालेल्या माणसासाठी कौतुकाचा शब्द मला अजून सापडलेला नाही. आजीबाईंच्या तोंडून 'वाळलात' हाच शब्द निघणार होता.

मला अनपेक्षित असे काही घडले ते फेब्रुवारी 2025 मध्ये. दाढी करताना आरशात पाहिले तर गाल आत गेलेले, गळ्याची कातडी सैल, आणि डोळे मोठे दिसणारे. क्षणभर माझा हात थांबला. भट्टीवरचे वडील कोठे तरी निघून गेले होते. त्यांच्या जागी शेवटच्या वर्षाचे वडील माझ्याकडे पाहत होते. ज्या आजारापासून वाचण्यासाठी मी हे केले, त्याच आजाराचा चेहरा मला मिळाला होता! तो दिवस वाईट गेला. संध्याकाळी मी फिरावयास गेलो नाही आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

या गोष्टी मी कोणाशी बोलत नव्हतो. एका बाईंनी मला बोलते केले. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, साठीच्या घरात. नाव न घालता लिहिण्याची त्यांनी परवानगी दिली आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना दहा किलो कमी करावयास सांगितले होते, आणि मुली रोज मागे लागल्या होत्या. "फादर," त्या म्हणाल्या, "लहानपणी मला सगळे ढोली म्हणत. लग्नात सासूने तोंडावर बोलून दाखवले. शाळेत पोरं पाठीमागून नक्कल करायची. चाळिशी उलटल्यावर कुठे मला माझं हे अंग आवडायला लागलं. तीन बाळंतपणं काढली, तीस वर्षं वर्गात उभं राहिले, कशाला लाजायचं? इतक्या वर्षांनी आमचा समेट झाला, आणि आता म्हणतात ते टाकून द्या."

मी त्यांना काय उत्तर द्यावे? "बाई, आरोग्यासाठी आहे," एवढे तर त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. मी त्यांना माझी आरशाची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही वाईट वाटतं तर. मला वाटलं, मीच वेडी." त्यानंतर आम्ही दोघे आठवड्यातून तीनदा संध्याकाळी देवळाच्या आवाराला फेऱ्या घालू लागलो, त्यांच्या गुडघ्यांच्या वेगाने. त्यांचे पाच किलो उतरले आहेत. पुढे उतरवायचे नाहीत असे त्यांनी डॉक्टरांस सांगून टाकले. गुडघे आता जिना चढू देतात, तेवढे त्यांना पुरे आहे. डॉक्टरांचे समाधान झाले नाही, परंतु माझ्या मते हा निर्णय करण्याचा अधिकार बाईंचा आहे.

धर्मगुरूने देहाविषयी लिहावे म्हटले की वाचक उपवासाच्या उपदेशाची वाट पाहतात. मी तो करणार नाही. खादाडपणा हा दोष आहे, पण तो वजनकाट्यावर दिसतो असे आपल्या परंपरेनेही म्हटलेले नाही. सहाव्या शतकातील पोप थोर ग्रेगरी यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले. अवेळी खाणे, महागडे खाणे, फार चोखंदळपणे खाणे, हावरेपणाने खाणे आणि अधिक खाणे. म्हणजे पाचांपैकी प्रमाणाशी संबंध एकाचाच. पानातील प्रत्येक घास तोलून, यजमानिणीला चार सूचना करून जेवणारा कृश मनुष्यही त्या यादीत बसतो, आणि गेल्या वर्षी मी स्वतः तेथे बसलो होतो अशी मला शंका आहे. 1958 साली तेविसावे जॉन पोप निवडले गेले, तेव्हा नव्या पोपसाठी नेहमीप्रमाणे वेगवेगळ्या मापांचे पांढरे झगे तयार होते. त्यांतील एकही त्यांच्या अंगाला नीट बसेना, आणि मागून उसवून टाचण्या लावून वेळ साजरी करावी लागली. त्या गुबगुबीत म्हाताऱ्यावर साऱ्या जगाने प्रेम केले. याच्या उलट टोकाला आहेत असिसीचे संत फ्रान्सिस. ते आपल्या देहाला 'गाढवबंधू' म्हणत, आणि त्यांनी त्याला उपासाने, थंडीने, जागरणाने फार राबविले. 1226 साली ते वारले. त्याआधी त्यांनी या गाढवबंधूची क्षमा मागितली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. माझ्या चिंतनात हा प्रसंग अलीकडे वारंवार येतो. देहावर रुसून, त्याला शिव्या घालून वजन उतरविणारे पुष्कळ पाहिले. मला ते जमले नसते. मी रोज पहाटे फिरावयास निघताना माझ्या अंगाला मनातल्या मनात सांगत असे, बाबा रे, तुझे काही चुकलेले नाही, पण तुझा एक पाय मला गमवायचा नाही.

गेलेली चरबी जाते कोठे, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? मला वाटे, घामावाटे. ऑस्ट्रेलियातील रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी 2014 साली हिशेब करून दाखविला, की दहा किलो चरबीपैकी 8.4 किलो कर्बवायू होऊन श्वासावाटे बाहेर पडते, आणि उरलेली 1.6 किलो पाणी होऊन जाते. म्हणजे माझे वडिलोपार्जित पोट मी बहुतांशी श्वासाने सोडून दिले. काही फिरताना, काही प्रवचन करताना, काही गायनमंडळाबरोबर गाताना. हे वाचल्यापासून मला थोडे हलके वाटते. आजीबाईंनाही मी ते सांगितले; त्यांचा विश्वास बसला नाही.

2025 सालच्या मार्च व जून महिन्यांत वजन उतरविणारी नवी आठवडी इंजेक्शने आपल्या देशात आली, तेव्हापासून धर्मग्रामातील दोन-तीन तरुण मला त्यांविषयी विचारून गेले. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना ती उपयोगी आहेत, आणि ती घेण्यात लाज मानण्याचे कारण नाही. पण थांबविल्यावर वजन परत येऊ लागते, हेही प्रयोगांत दिसले आहे. डॉक्टरांस विचारावे, शेजाऱ्याला नव्हे.

माझे म्हणाल तर साखर 5.8 वर आली आहे. 2025 च्या नाताळानंतर वजन तीन किलोंनी पुन्हा वाढून 86 झाले, आणि खरे सांगावयाचे तर त्या तीन किलोंचे मी मनातून स्वागतच केले. गाल किंचित भरले. डॉक्टरांच्या कोष्टकाप्रमाणे निर्दोष ठरण्यास मला 66 किलोवर यावे लागेल. त्या वजनाचा मी अठराव्या वर्षी, सेमिनरीच्या दारात पेटी घेऊन उभा होतो तेव्हा होतो. तो मुलगा मला फारसा आवडत नसे. ऐंशीच्या आसपास थांबावे, असा माझा आणि डॉक्टरांचा तूर्त तह झाला आहे.

झगे मात्र सारे ढगळ झाले होते. पावसाळ्यापूर्वी तीन पांढरे आणि एक काळा असे चार झगे घेऊन मी कॅम्पातील आमच्या जुन्या शिंप्याकडे गेलो. वडिलांचे सदरेही तोच शिवत असे. त्याने बगलेखालच्या शिवणी उसवल्या, खडूने नव्या खुणा केल्या, आणि आतला जादा कपडा बोटांत धरून म्हणाला, "फादर, माया बरीच निघते. कापून टाकू, की आत ठेवू?"

मी म्हणालो, "आतच राहू द्या."